तुमसर ते भद्रक : फेरो अलॉइज कॉर्पोरेशनची वाटचाल

१९५५ साली फेरो अलॉइज कॉर्पोरेशनची नोंदणी झाली तेव्हा भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि महाराष्ट्र राज्य जन्माला यायचे होते. उद्योगजगतात ‘फॅकोर’ या आटोपशीर नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय पुढे दीर्घकाळ तुमसरच्या श्रीराम भवनात राहिले. तिच्या भट्ट्या मात्र तुमसरात कधीच पेटल्या नाहीत. पहिली पेटली आंध्रच्या किनाऱ्यालगत, गरिविडीला. क्रोमची मोठी भट्टी उभी राहिली ओडिशात, भद्रकजवळच्या रांदिया येथे. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या खाणमालकांना इतक्या लांब का जावे लागले, याचे उत्तर शोधू लागलो की या संस्थेच्या साऱ्या इतिहासाचा धागा हाती लागतो. तो धागा विजेचा आहे. खनिज, भांडवल आणि माणसे इथे होतीच. पण कंपनी कुठे उभी राहिली, कशी वाढली आणि शेवटी कशामुळे मालकांच्या हातून गेली, या प्रत्येक वळणावर वीज उभी आहे. म्हणून हा इतिहास मी त्याच क्रमाने सांगणार आहे.

तुमसरभोवतीच्या मॅंगनीजची ओळख विदर्भाच्या वाचकाला करून द्यायला नको. चिखला, डोंगरी बुजुर्ग ही नावे शालेय भूगोलातही येतात. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट १८९६ मध्ये स्थापन झाली आणि तिच्यापासून पुढे आजची ‘मॉइल’ आली. या ब्रिटिश कंपनीच्या जोडीने देशी खाणमालकही उभे राहिले. तुमसरची श्रीराम दुर्गाप्रसाद ही पेढी त्यांत ठळक. सराफ आणि मोर ही कुटुंबे या व्यवसायात मुरलेली होती. खाणीतून दगड काढायचा, हाताने निवडायचा, वाघिणीत भरायचा आणि बंदराकडे लावायचा, असा तो धंदा. युरोपात या दगडाचे फेरोमॅंगनीज होई. पोलादाच्या रसातला प्राणवायू आणि गंधक आवरायला मॅंगनीज लागते. त्याच्याविना गाळलेले पोलाद लाटताना तडकते. म्हणजे आपला दगड परदेशी भट्टीत शिजून मौल्यवान होत होता आणि आपल्याला मिळत होते ते फक्त दगडाचे मोल.

स्वातंत्र्यानंतर हा हिशेब बदलणे शक्य झाले. भिलाई, राउरकेला आणि दुर्गापूर हे पोलाद कारखाने दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत आखले गेले आणि फेरोमॅंगनीजला देशातच मोठे गिऱ्हाईक तयार होणार हे दिसू लागले. खाणमालकाने कारखानदार व्हायचे ठरवले ते या मोक्यावर. या निर्णयाचे श्रेय मोकळ्या मनाने द्यायला हवे. दगडाचा व्यापार निर्धोक होता, बाजार ठाऊक होता. भट्टी चालवणे ही पूर्णपणे वेगळी विद्या, आणि ती शिकलेली माणसे त्या काळी देशात मोजकीच होती.

मिश्रधातूची विद्युत् भट्टी म्हणजे अखंड भुकेले यंत्र. फेरोमॅंगनीज झोतभट्टीतही होते, पण त्यासाठी उत्तम कोक लागतो. विद्युत् भट्टीला कोक कमी पुरतो, वीज मात्र अखंड हवी. मचकुंडचा जलविद्युत प्रकल्प १९५५ मध्ये सुरू झाला आणि आंध्रच्या उत्तर किनारपट्टीला वीज मिळू लागली. त्या भागात मॅंगनीजही होते. भारतातले मॅंगनीजचे उत्खनन मुळात तिथेच, कोडूर येथे, १८९२ मध्ये सुरू झाले होते. गरभामची खाणही जवळच. विशाखापट्टणमचे बंदर टप्प्यात आणि हावडा–मद्रास लोहमार्ग दाराशी. आजच्या विजयनगरम जिल्ह्यातल्या गरिविडीला कारखाना उभा राहिला आणि त्याच्या भोवतीच्या वसाहतीला श्रीरामनगर हे नाव पडले. तुमसरच्या पेढीचे नाव तेलुगू मुलखातल्या नकाशावर असे कायमचे कोरले गेले. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस तिथून फेरोमॅंगनीज बाहेर पडू लागले. पुढे विदर्भातही, तुमसरच्या माणेकनगरला आणि कन्हानला, दुसऱ्या कंपन्यांच्या फेरोमॅंगनीजच्या भट्ट्या आल्या. पण या क्षेत्रातल्या पहिल्या धाडसी पावलांत फॅकोरचे पाऊल होते.

क्रोमकडे वळणे हा मात्र दुसरा जन्मच म्हणावा लागेल.

क्रोमाइट हा काळसर, जड दगड. लोह आणि क्रोमियम यांनी प्राणवायूला घट्ट धरून ठेवलेले हे खनिज. अखंड भारतात ते प्रथम काढले गेले ते बलुचिस्तानात, हिंदुबागेला, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. मग १९०७ च्या सुमारास सिंहभूम आणि म्हैसूर पुढे आले. फाळणीत हिंदुबाग पाकिस्तानात गेले. सुदैवाने ओडिशातला खरा खजिना त्याच दशकात उघडत होता. केओंझरच्या बौला–नुआसाही टेकड्यांत क्रोमाइट सापडले आणि १९४९ मध्ये टाटांच्या भूवैज्ञानिकांनी सुकिंदा खोऱ्यातले साठे शोधले. दैतारी आणि महागिरी या डोंगररांगांच्या मधली ही चिंचोळी दरी. देशातल्या क्रोमाइटपैकी ९५ टक्क्यांहून अधिक साठा एकट्या ओडिशात आहे, आणि त्यातला सिंहाचा वाटा या दरीत. महाराष्ट्रातही कणकवलीजवळ जानवली-वागदे परिसरात आणि खुद्द भंडारा जिल्ह्यात पवनीकडे क्रोमाइट आहे. पण ते इतके थोडे की त्यावर मोठी भट्टी जगू शकत नाही. तुमसरकरांना आपल्या जिल्ह्यातले क्रोमाइट सोडून ओडिशा गाठावा लागला तो यासाठी.

फॅकोरच्या ओडिशातल्या खाणींत बौला, कठपाल, ओस्तापाल आणि कालारंगीआटा ही नावे महत्त्वाची. त्यांतल्या बौला आणि कठपाल या भूमिगत खाणी, आणि याचा उल्लेख इथे ठसठशीतपणे करायला हवा. सुकिंद्यातले बहुतेक क्रोमाइट खुल्या खाणीतून निघते. प्रचंड खड्डा, बाजूने पायऱ्या कापलेल्या, तळाशी पाणी उपसणारे पंप आणि पायऱ्यांवरून फिरणारे डंपर. खनिजाचे पट्टे जसे खोल जातात तसा एक टन खनिजासाठी उचलायचा माती-दगड वाढत जातो आणि एका टप्प्यावर हिशेब तुटतो. मग जमिनीखालून जावे लागते. क्रोमाइटच्या शेजारचा सर्पेंटाइन खडक बऱ्याच ठिकाणी कुजलेला, निसरडा असतो. छत आणि भिंती धरून ठेवणे हे खाणीतल्या माणसाच्या जिवाशी निगडित काम. कोळशाच्या मानाने भारतात क्रोमाइटच्या भूमिगत खाणी बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांतल्या दोन चालवणारी कंपनी तुमसरची, ही गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे.

आता भट्टीकडे येऊ. फेरोक्रोमचे नशीब पालटले ते एका तांत्रिक शोधाने, आणि तो समजून घेतल्याशिवाय भद्रकचा कारखाना का उभा राहिला हे कळत नाही. क्रोमाइट आणि कोक एकत्र तापवले की कोकातला कार्बन प्राणवायू ओढून घेतो आणि क्रोमियम-लोहाचा रस मिळतो. पण त्या रसात ६ ते ८ टक्के कार्बन शिरतो. गंजरोधक पोलादाला, म्हणजे आपल्या स्टेनलेस स्टीलला, एवढा कार्बन मुळीच चालत नाही. त्यामुळे पूर्वी कमी कार्बनचे फेरोक्रोम वेगळ्या, लांबलचक आणि खर्चिक पद्धतीने करावे लागे. आधी सिलिकॉनयुक्त क्रोम बनवायचे, मग चुना-क्रोमाइटच्या वितळलेल्या मिश्रणाशी त्याची प्रक्रिया करायची. वीज दोनदा, श्रम दुप्पट. अमेरिकेत युनियन कार्बाइडने आर्गॉन आणि प्राणवायू एकत्र फुंकून रसातला कार्बन काढण्याची पद्धत शोधली आणि १९६८ मध्ये ती प्रत्यक्ष कारखान्यात आली. आर्गॉन मिसळल्यामुळे कार्बन जळून जातो, क्रोमियम मात्र फारसे जळत नाही. एका झटक्यात पोलादवाल्यांना भरपूर कार्बनचे, स्वस्त फेरोक्रोम चालू लागले. ५० ते ६० टक्के क्रोमियमच्या या मालाला ‘चार्ज क्रोम’ म्हणतात. सत्तरच्या दशकात जपान आणि युरोपातले स्टेनलेसचे कारखाने या मालाकडे वळले, आणि भरपूर क्रोमाइट असलेल्या देशांसमोर नवी बाजारपेठ उघडली.

या संधीवर ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला फॅकोरने रांदियाला निर्यातीसाठीचा चार्ज क्रोम कारखाना उभारला. तेव्हा तो भाग बालेश्वर जिल्ह्यात मोडत होता. भद्रक जिल्हा १९९३ मध्ये वेगळा झाला. जागेची निवड विचारपूर्वक होती. बौलाच्या खाणी जवळ, सुकिंदा आवाक्यात, हावडा–चेन्नई मार्ग शेजारी आणि पारादीप बंदर दक्षिणेला. भट्टी एकच, पण ४५ एमव्हीएची. तिच्या जोरावर कारखान्याची वार्षिक क्षमता सुमारे ७२ हजार टनांपर्यंत पोहोचली.

ही भट्टी कशी चालते ते इथे थोडे सविस्तर सांगतो, कारण या स्मरणिकेच्या तरुण वाचकांपैकी अनेकांनी ती पाहिली नसेल. वरून क्रोमाइट, कोक आणि क्वार्ट्झाइट मोजून सोडतात. तीन जाडजूड इलेक्ट्रोड या ढिगात खोल रुतलेले असतात आणि ठिणगी ढिगाच्या आत, डोळ्यांआड पेटलेली असते. हे इलेक्ट्रोड सोडरबर्ग पद्धतीचे. पत्र्याच्या नळकांड्यात कार्बनची पेस्ट भरत जायची; खाली भट्टीच्या उष्णतेनेच ती भाजून घट्ट होते आणि जळत जाते, वर नवे नळकांडे जोडत राहायचे. पेस्ट नीट भाजली नाही, किंवा भट्टी बंद पडून पुन्हा घाईने चढवली, तर इलेक्ट्रोड तुटतो आणि तुटलेला तुकडा बाहेर काढण्यात पाळीच्या पाळी जातात. आतला धातुमळ सुमारे १७०० अंश सेल्सियसला असतो. काही तासांनी टॅपिंग. प्राणवायूच्या नळीने तोंड उघडायचे, रस आणि मळ बाहेर घ्यायचा आणि मातीच्या गोळ्याने तोंड पुन्हा बंद करायचे. थिजलेल्या धातूच्या लाद्या फोडून, चाळून, मापानुसार वेगळ्या करायच्या. मळात अडकलेले धातूचे कण दळून आणि पाण्याने वेगळे करून परत मिळवतात, कारण क्रोमियमचा एक टक्काही सोडून देण्यासारखा नसतो.

एक टन चार्ज क्रोमला साधारण अडीच टन क्रोमाइट लागते आणि वीज साडेतीन हजार युनिटच्या आसपास. भट्टी पूर्ण भारावर असली की दिवसाला सुमारे सात लाख युनिट गिळते. उत्पादनखर्चात विजेचा हिस्सा एवढा मोठा की वीजदर थोडा वाढला तरी नफा विरतो. भारनियमनाच्या काळात भट्टीचा भार उतरवावा लागे. तेव्हा धातू तर कमी होतोच, पण भट्टीतला ताव आणि अस्तर दोन्ही बिघडतात. या धंद्यात पन्नास वर्षे घालवलेल्या कोणालाही विचारा, तो खनिजाआधी विजेबद्दल बोलेल.

खनिजाची अडचण वेगळी. सुकिंद्याचे क्रोमाइट बरेचसे भुसभुशीत, हातात चुरा होणारे. असा चुरा थेट भट्टीत टाकला तर तळाशी तयार होणारा वायू बाहेर पडायची वाट बुजते आणि भट्टी उसळते. म्हणून चुरा काकवी व चुन्यात मिसळून दाबाखाली त्याच्या ब्रिकेट करतात. ढेप खनिज जसे कमी होत गेले तसे या कामाचे महत्त्व वाढत गेले.

नव्वदच्या दशकात खनिजाचा वाद न्यायालयात गेला. सुकिंद्यात टाटा स्टीलकडे १२६१ हेक्टरचा खाणपट्टा होता. भट्ट्या असलेल्या पण पुरेसे खनिज नसलेल्या कंपन्यांचे म्हणणे असे की हा पट्टा वाटला जावा. फॅकोर त्यांतली एक. केंद्राने नूतनीकरणाच्या वेळी टाटांचा पट्टा ४०६ हेक्टरवर आणला आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. उरलेल्या क्षेत्राच्या वाटपाचे तंटे पुढेही चालले. टाटांनी तो साठा शोधला हे खरे. पण खनिज राष्ट्राचे आहे आणि ज्याच्याकडे भट्टी आहे त्याला ते मिळावे, ही भूमिका मला न्याय्य वाटते. त्याच खनिजावर देशातला फेरोक्रोम उद्योग उभा राहू शकला. पुढे २००७ पासून कच्च्या क्रोमाइटच्या निर्यातीवर सरकारने शुल्क लावले, त्यामागेही हाच विचार होता.

सुकिंद्याबद्दल लिहिताना पाण्याबद्दल मौन बाळगणे चुकीचे ठरेल. खनिजातले क्रोमियम फारसे विषारी नसते. पण उघड्यावर टाकलेल्या माती-दगडांच्या ढिगांत आणि खाणीच्या पाण्यात त्याचा काही भाग षट्‌संयुजी होतो, आणि ते क्रोमियम कर्करोगकारक आहे. पावसात ते दमसाला नाल्यात उतरते आणि नाला ब्राह्मणी नदीला मिळतो. २००७ मध्ये ब्लॅकस्मिथ इन्स्टिट्यूटने जगातल्या सर्वांत प्रदूषित दहा स्थळांत सुकिंद्याचे नाव घातले तेव्हा देशभर खळबळ झाली. उपाय ठाऊक आहे. खाणीतून उपसलेल्या पाण्यात फेरस सल्फेट घातले की षट्‌संयुजी क्रोमियमचे निरुपद्रवी रूप होते आणि ते गाळात बसते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. दरीतल्या सर्व खाणींनी ती पाळायची, तर प्रत्येक पावसाळ्यात ढिगांभोवतीचे बांध, नाल्या आणि शुद्धीकरण संयंत्रे डोळ्यांत तेल घालून सांभाळावी लागतात. खाणीलगतच्या गावांतल्या विहिरींवर ज्यांचे जीवन अवलंबून आहे, त्यांच्यासाठी हे काम उत्पादनाइतकेच महत्त्वाचे आहे. संस्थेचा कोणताही इतिहास लिहिताना ते टनांच्या आकड्यांखाली दडू नये, असे मी मनापासून मानतो.

दरम्यान नागपूरच्या हिंगणा औद्योगिक क्षेत्रात कंपनीचा विशेष पोलादाचा कारखानाही होता. २००४ मध्ये तिन्ही अंगे वेगळी केली गेली. गरिविडी फॅकोर अलॉइजकडे, नागपूर फॅकोर स्टील्सकडे, आणि ओडिशातल्या खाणी व भद्रकचा कारखाना मूळ कंपनीकडे. मूळ नाव क्रोमकडे राहिले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

चीनमध्ये स्टेनलेसचे उत्पादन झपाट्याने वाढत होते आणि फेरोक्रोमला मागणी होती. अशा वेळी महाग आणि बेभरवशाच्या विजेपासून सुटका करून घ्यायला फॅकोर पॉवर ही उपकंपनी काढून भद्रकला १०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र उभारायचे ठरले. कर्ज दिले रूरल इलेक्ट्रिफिकेशन कॉर्पोरेशनने, आणि त्या कर्जाला मूळ कंपनी जामीन राहिली. विचार चुकीचा नव्हता. स्वतःची वीज असलेले फेरोक्रोमचे कारखानेच वाईट काळात तग धरतात, हे ओडिशातल्याच दुसऱ्या कारखान्यांनी दाखवले आहे. पण एका भट्टीच्या मिळकतीवर एवढ्या मोठ्या केंद्राचे कर्ज पेलणे जमले नाही. हप्ते थकले.

जुलै २०१७ मध्ये धनकोने नव्या नादारी व दिवाळखोरी संहितेखाली थेट जामीनदार कंपनीवरच कारवाई सुरू केली. आधी मूळ ऋणको, मग जामीनदार, हा क्रम पाळायला हवा, असा युक्तिवाद झाला. ८ जानेवारी २०१९ रोजी अपील न्यायाधिकरणाने निकाल दिला की असे बंधन नाही. धनको आधी जामीनदारावरही जाऊ शकतो. हा निकाल आज कंपनी कायद्याच्या वर्गांत शिकवला जातो. ज्या उद्योगाला विजेने जन्म दिला, त्याचे नाव वीजकेंद्राच्या हमीमुळे कायद्याच्या पुस्तकात गेले, याची खंत मला वाटते. २०२० च्या सुरुवातीला न्यायाधिकरणाने वेदांताची पुनर्रचना योजना मंजूर केली आणि सप्टेंबर २०२० मध्ये खाणी, भट्टी आणि वीजकेंद्र यांसह कंपनी वेदांताच्या ताब्यात गेली.

नव्या मालकीत कारखाना चालू आहे. दरीतल्या खुल्या खाणी खोल होत जातील तसे भूमिगत खाणकाम अपरिहार्य होणार, आणि बौला-कठपालला मिळवलेले कसब तेव्हा संपूर्ण सुकिंद्याला उपयोगी पडेल. म्हणूनच एक विनंती. खाणीतले जुने नकाशे, छत-भिंतींच्या तपासणीच्या नोंदी, पाळीप्रमुखांच्या वह्या, भट्टीच्या टॅपिंगचे तक्ते आणि इलेक्ट्रोड तुटण्याच्या घटनांची टिपणे तुमसर, नागपूर, श्रीरामनगर आणि भद्रक इथल्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या घरी अजून असतील. मालकी बदलताना असे कागद सर्वांत आधी रद्दीत जातात. ज्यांच्याकडे ते आहेत त्यांनी त्यांच्या प्रती काढून जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र किंवा धातुशास्त्र विभागाकडे द्याव्यात.